जखम सांधणारा डिंक आणि नाव हरवलेला कारागीर
(पिंगळी येथील समाजमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदा पिंगळीच्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आणि तेच शब्द स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत, असेही सुचविले. आम्ही वैद्य नव्हे. शास्त्रज्ञ तर नव्हेच नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि प्राथमिक शाळेतील खडू-फळ्याची नोकरी एवढेच आमचे भांडवल. तथापि निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि त्या वाचनात जो एक विषय आम्हांस आपल्या कुंभार समाजाच्या फार जवळचा वाटला, तोच आज आपणांपुढे मांडीत आहोत. विषय असा की, शस्त्रक्रियेची वा अपघाताची जखम सुईदोऱ्याने शिवण्याऐवजी ती चिकटवून मिटविता येते काय, आणि त्यासाठी अतिसूक्ष्म कणांचा, ज्यांस आज ‘नॅनो’ म्हणतात त्यांचा, कसा उपयोग होऊ पाहत आहे.

या विषयाचा आणि चाकावर मडके घडविणाऱ्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक तर मातीचे दोन ओले भाग जोडण्याची विद्या आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसरे असे की, जखम चिकटविण्याच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचे पान आपल्याच धंद्यातील एका माणसाने पुण्याजवळ लिहिले आहे. लिहिले असे आम्ही म्हणतो खरे. परंतु त्याने ते स्वतः लिहिले नाही, हेच दुःख आहे. त्याविषयी पुढे बोलूच.

प्रथम जखम म्हणजे काय ते पाहू. कातडी चिरली की रक्त वाहते, थोड्या वेळाने गोठते, आणि त्या गोठलेल्या रक्ताच्या आधाराने शरीर आतून नवे मांस व नवी कातडी विणू लागते. हे काम शरीराचेच. वैद्याचे काम एवढेच की, चिरलेल्या दोन कडा स्वच्छ करून एकमेकींस लावून धरावयाच्या. कडा दूर राहिल्या तर भरण्यास वेळ लागतो, घाण शिरते आणि व्रणही मोठा राहतो. सुश्रुतसंहितेत जखम शिवण्यासाठी ताग, जवस यांचे धागे, झाडांच्या सालींचे तंतू व केस सांगितले आहेत. आणि आतड्यास छिद्र पडले असता मोठ्या काळ्या मुंग्यांकडून कडा चावून धरवाव्या व मग मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असाही उपाय दिला आहे. धागा काय किंवा मुंगीचा जबडा काय, हेतू एकच: धरून ठेवणे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आमच्या गल्लीतील एक सात वर्षांचा मुलगा ओट्यावरून पडला आणि त्याचे कपाळ फुटले. त्यास परभणीस नेले. तेथील डॉक्टरांनी जखम धुतली, कडा बोटांनी जुळविल्या, वरून एका नळीतील पातळ औषधाची रेघ ओढली आणि मुलास घरी पाठविले. मुलाच्या आजीचा विश्वास बसेना. ती आम्हांस म्हणाली, ‘‘गुरुजी, एक टाका नाही, पट्टी नाही, नुसता डिंक लावून पाठविलं. डिंकानं कुठं मांस जुडतं का?’’ आम्ही तिला विचारले, ‘‘बाई, तुम्ही घागरीला कान लावता तो आव्यात पक्का होतो की तुमच्या बोटाने?’’ ती हसली आणि म्हणाली, ‘‘पक्का आव्यातच होतो. बोटानं फक्त तोवर धरायचं.’’ आठ दिवसांत तो डिंक पापुद्र्यासारखा आपोआप गळून पडला व खाली जखम मिळून आलेली दिसली. आमच्या मते संपूर्ण विषयाचे सार त्या माउलीच्या एका वाक्यात आले आहे.

आता त्या पुण्याच्या हकिकतीकडे वळू. १७९२ सालापर्यंत टिपू सुलतानाविरुद्ध जे युद्ध झाले, त्यात इंग्रजांच्या बाजूस पेशवे व निजाम दोघेही होते. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. तो मराठा शेतकरी होता असे तत्कालीन वृत्तांतात म्हटले आहे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळील एका माणसाने त्यास नवे नाक बसविले. हा काळ सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीचा. या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. असे नाक बसविण्याचे काम मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, असेही त्यात नमूद आहे.

कृती अशी होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या भोवती रेघ ओढली. त्या रेघेप्रमाणे कपाळाची कातडी सोडविली, मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली, जेणेकरून तिच्यातून रक्त वाहत राहावे. नंतर थोट्याची जुनी कातडी खरवडून ताजी केली, भोवती चीर घेतली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिच्या कडा त्या चिरेत बसविल्या. आता कडा धरून कशाने ठेवल्या? सुईदोऱ्याने नव्हे. थोडा कात पाण्यात मऊ करून तो कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का केला. चार दिवसपर्यंत या लेपाखेरीज दुसरे काहीही लावले नाही. त्यानंतर तुपात भिजविलेली फडकी. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापून नाक मोकळे केले.

बंधूंनो, हा कात म्हणजे विड्याच्या पानास लावतो तोच, खैराच्या लाकडापासून काढलेला. इंग्रजी वृत्तांतात त्याचे नाव ‘टेरा जॅपोनिका’ म्हणजे ‘जपानी माती’ असे पडले आहे. ती वस्तू जपानची नव्हे आणि मातीही नव्हे. परंतु युरोपियनांस ती मातीसारखी दिसली म्हणून हे नाव. कातात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. प्रथिनांस धरण्याचा त्याचा गुण आहे. याच गुणामुळे चामडे कमाविण्यासाठी तुरट साली वापरतात. पुण्याच्या त्या कारागिराने टॅनिन हा शब्द ऐकलेला नव्हता. परंतु ओल्या कातडीस काय धरील, हे त्याच्या हातास ठाऊक होते. आज प्रयोगशाळांतही टॅनिनयुक्त चिकटद्रव्यांचा अभ्यास चालतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हाताची थोरवी कळते.

हा वृत्तांत वाचून लंडनचे शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी अनेक वर्षे विचार व सराव केला, १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हापासून कपाळाच्या कातडीने नाक बसविण्याची ही रीत जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

पुढची पायरी विसाव्या शतकात आली. अमेरिकेतील हॅरी कूवर या रसायनशास्त्रज्ञास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘सायनोअॅक्रिलेट’ नावाच्या द्रव्याचा गुण आढळला. ओलाव्याचा नुसता स्पर्श होताच हे द्रव्य घट्ट होते. १९५८ साली त्याचा डिंक बाजारात आला. आपण घरात तुटकी चप्पल वा खेळणे जोडण्यास जी छोटी नळी आणतो, ती याच घराण्यातील. व्हिएतनामच्या युद्धात रक्तस्राव थांबविण्यासाठी हे द्रव्य जखमांवर फवारले गेले. मात्र बाजारातील प्रकार शरीरास दाह करतो. म्हणून रचना बदलून औषधी प्रकार तयार करण्यात आले, आणि त्यांपैकी एकास अमेरिकेत १९९८ साली त्वचेवरील वापरासाठी मान्यता मिळाली. आमच्या गल्लीतील मुलाच्या कपाळावर लावले ते याच जातीचे औषध. परंतु त्यासही मर्यादा आहेत. ते कडांच्या वरून लावावयाचे, जखमेच्या आत नव्हे. आणि जेथे कातडी सारखी ताणली जाते अशा गुडघा-कोपरावर, किंवा मळलेल्या व चावलेल्या जखमेवर ते चालत नाही. यकृतासारख्या ओल्या, मऊ, रक्ताने भरलेल्या अवयवाचे काय, हा प्रश्न उरलाच.

येथे नॅनो कणांचा प्रवेश होतो. नॅनो या ग्रीक शब्दाचा अर्थ बुटका. एक मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस नॅनो कण म्हणतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे हजाराहून अधिक कण ओळीने मावतील. इतके बारीक करून लाभ काय? एक हिशेब पाहा. एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा ठोकळा घेतला तर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मिलिमीटरचे तुकडे केले तर तुकडे १,००० आणि पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर. आणि दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! बोराएवढा ठोकळा, आणि त्याच्या पोटात सहा गुंठे रान. चिकटणे हे पृष्ठभागाचे काम आहे. आणि वस्तू जितकी बारीक, तितका धरण्यास पृष्ठभाग अधिक.

पॅरिस येथील शास्त्रज्ञ लुडविक लायब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वाचा उपयोग केला. ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात २०१४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सिलिकाचे, म्हणजे ज्या द्रव्याची वाळू व गारगोटी बनलेली असते त्या द्रव्याचे, नॅनो कण पाण्यात मिसळले. त्या पाण्याचा थेंब मऊ, ओल्या अशा दोन तुकड्यांमध्ये सोडून काही सेकंद दाबले, तो ते एकमेकांस चिकटले. वासराच्या यकृताचे कापलेले तुकडेही त्यांनी असेच जोडून दाखविले. कारण असे की, मांसासारखा मऊ पदार्थ हा लांबलांब रेणूंच्या जाळ्याचा बनलेला असतो. हे रेणू कणांच्या पृष्ठभागास बिलगतात. एक कण दोन्ही बाजूंचे पुष्कळ धागे धरतो, आणि एकेक धागा अनेक कणांस धरतो. असंख्य बारीक पूल तयार होतात. ताण आला तर एखादी पकड सुटते आणि शेजारी पुन्हा बसते; म्हणून सांधा एकदम फाटत नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कातडीची खोल जखम कणांचे पाणी लावून बोटांनी धरली असता सुमारे मिनिटभरात मिटली. यकृताचा रक्तस्रावही थांबला. सिलिकाप्रमाणेच लोहाच्या ऑक्साइडचे कणही त्यांनी वापरून पाहिले.

आता आपल्या घरातील कृती आठवा. घागरीला कान किंवा सुरईला तोटी लावताना आपण काय करतो? दोन्ही बाजू ओल्या ठेवतो, मातीचा अगदी पातळ, नितळ गाळ बोटाने फिरवितो, दाबतो आणि क्षणभर धरतो. भरड मातीने तो सांधा बसत नाही; गाळलेली बारीक मातीच लागते. एक बाजू सुकलेली असली तर आव्यात हटकून तडा जातो. ओलाव्यावर ओलावा, मध्ये बारीक कण आणि क्षणभर दाब, ही रीत आपल्या आयाबहिणींच्या बोटांत आहे. मडके आणि मांस एक नव्हे, हे आम्ही जाणतो. मांसातील लांब रेणूंचे जाळे मातीत नसते. तरीही तत्त्वाचे साम्य पाहून आम्हांस आनंद झाला, तो आपणांपासून का लपवावा?

परंतु आनंदाच्या भरात अनर्थ होऊ नये, म्हणून दोन सूचना अतिशय गांभीर्याने करतो.

पहिली सूचना अशी. आपल्यात हातास चीर पडली की कालविलेली माती दाबून लावण्याची जुनी सवय अजून कोठे कोठे आहे. ‘गुरुजींनी सांगितले, मातीने जखम जुडते’ असे कोणी म्हणाल, तर तो आमच्या बोलण्याचा विपर्यास होईल. मातीत, शेणात आणि विशेषतः घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि आपण तर मातीत लीद मिसळूनच ती तुडवितो! ती माती जखमेवर लावणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. प्रयोगशाळेतील कण शुद्ध व निर्जंतुक असतात. खाणीतील माती ती माती. तसेच दुकानातील झटपट चिकटणारा डिंकही जखमेत घालू नये. विळा लागो की कुदळ, जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, धुतलेल्या कापडाने दाबून धरावी, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. शिवावयाचे की चिकटवावयाचे, हे डॉक्टर ठरवतील.

दुसरी सूचना बारीक धुळीविषयी. जो बारीकपणा सांध्यात गुणकारी, तोच फुप्फुसात घातक. दगड, वाळू व सुकी माती फोडताना-चाळताना जी सिलिकाची धूळ उडते, ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग होतो. म्हणून माती ओली करून चाळावी, नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा, आणि लेकरांस त्या धुळीत बसवू नये. शास्त्रज्ञांचे सिलिकाकण वेगळ्या घडणीचे असतात. तरी शरीरात राहिलेले हे कण पुढे कोठे जातात, किती दिवसांत विरतात, याचा कसून तपास झाल्यावाचून कोणतीही नवी वस्तू माणसांवर सरसकट वापरावयाची नसते. उंदराची जखम मिटली म्हणून माणसाची मिटलीच, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. मडके थापटण्याने वाजवून घ्यावे, तशी प्रत्येक नवी विद्या वाजवून घ्यावी.

आता शेवटची गोष्ट; तीच आमच्या मनास अधिक लागून राहिली आहे.

त्या १७९४ च्या वृत्तांतात जखमीचे नाव आहे: कावसजी. पाहणाऱ्या वैद्यांची नावे आहेत. कावसजीचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराचे नाव इतिहासास ठाऊक आहे. कार्प्यू यांचे तर पुस्तकच आहे. परंतु ज्याने ते नाक घडविले, ज्याच्या बोटांनी मेणाचा साचा केला व काताच्या पट्ट्या बसविल्या, त्याच्याविषयी एवढेच लिहिले आहे की, तो पुण्याजवळचा ‘विटा करणाऱ्या जातीचा एक मनुष्य’ होता. पुढील लेखकांनी त्यास कुंभार म्हटले. आपल्यातील कित्येक घरे आजही विटांच्याच धंद्यात आहेत, तेव्हा त्यास आपला म्हणावयास हरकत नसावी. परंतु आपला म्हणून मिरवावे, तर त्याचे नाव काय सांगावे? त्याचे गाव कोणते? त्यास ही विद्या कोणी दिली आणि त्याने ती कोणास दिली? उत्तर नाही.

यात सर्व दोष परक्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. ज्याच्या हाती विद्या होती, त्याच्या हाती लेखणी नव्हती. कारण ती त्यास कोणी दिली नव्हती, आणि घरातली विद्या बापाने मुलास कानात सांगावी, बाहेर जाऊ देऊ नये, अशी आपली रीतही होती. असे गुपित घराण्याबरोबर संपते. उलट पॅरिसच्या निबंधात कोणते कण, किती आकाराचे, किती वेळ दाबले, काय साधले, सर्व लिहिलेले आहे. सोबत काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव आहे. म्हणून जगातील कोणीही ते पडताळून पाहू शकतो, चूक असल्यास दाखवू शकतो आणि पुढे नेऊ शकतो. विद्या आणि गुपित यांत हाच भेद होय.

समाजबांधवांनो, आपली मुले-मुली आता शिकत आहेत. त्यांनी वैद्यक, रसायन, पदार्थविज्ञान यांकडे वळावे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा काही परदेशात नाही. पिंगळी स्टेशनावरून निघालेला मुलगाही तेथवर पोहोचू शकतो. आणि ज्यांचे हात अजून मातीत आहेत, त्या वडीलधाऱ्यांस आमची एक लहानशी विनंती आहे. कोणत्या तळ्याची माती रांजणास चालते व कोणती माठास, लीद किती व राख किती, सांधा कसा द्यावा, आव्यात तडा का जातो, हे आपल्या नातवंडांकडून दोन पाने लिहवून घ्या. काय साधले तेही लिहा आणि काय फसले तेही लिहा. खाली स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव व साल घाला. चाकावर बसणाऱ्या पुष्कळ बायांची नावे तर अद्याप कोणत्याच कागदावर नाहीत. ती अगत्याने घाला. ही पाने पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावीत, अशी मंडळास आमची प्रार्थना आहे. अक्षर लावण्याचे आणि शुद्धलेखनाचे काम आम्ही आनंदाने पत्करतो.